मास्तरांच्या हृदयाचं माप

आमच्या गल्लीतल्या शिंप्याचं हृदय मापापेक्षा मोठं निघालं, ही बातमी बाहेरच्या माणसांत सर्वांत आधी मला कळली. मी ती कुणालाही सांगितली नाही. म्हणजे जेवण होईपर्यंत नाही सांगितली. जेवणानंतर समोरच्या सलूनमध्ये दाढीला गेलो, आणि तोंडाला साबण फासलेला असताना माणूस काय बोलतो याला तो जबाबदार नसतो असं माझं मत आहे.

संध्याकाळपर्यंत तिघेजण आपलं न शिवलेलं कापड परत मागायला दुकानात येऊन गेले. त्यातला एक म्हणे, "घाई काहीच नाही मास्तर, पण आपलं असू दे जवळ."

मास्तर म्हणजे हाच शिंपी. वय त्रेपन्न. अंगावर चरबी औषधालाही सापडायची नाही, गालफडं बसलेली, आणि गळ्यात मापाची टेप. ती टेप झोपतानाही काढत नसावेत असा मला संशय होता. मी त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, एकदा विचारलं तर त्यांनी फक्त दोरा तोडला दातांनी. दुकान लांबट, अरुंद. दाराशी काच, काचेमागे कापायचं टेबल, त्यामागे मोटरचं मशीन, आणि भिंतीला टेकून वहिनींची खुर्ची, काजं-बटणं त्यांच्याकडे. एक स्टूल गिऱ्हाइकांसाठी आहे. त्यावर निवृत्त झाल्यापासून मी बसतो. मी एकच सदरा वर्षाला शिवून घेतो, पण बसतो रोज.

मास्तर पळायला लागले ते चाळिशीत, मूळव्याधीमुळे. बसून बसून हे झालंय, जरा हालचाल करा, असं त्यांना कुणी तरी सांगितलं. माणूस शिंपी, सांगितलेलं माप तंतोतंत पाळणारा. पण हालचाल किती करायची त्याचा आकडा कुणी दिला नाही, तिथेच घोळ झाला. आधी कोपऱ्यापर्यंत. मग नदीच्या पुलापर्यंत. पहिल्या महिन्यात गल्लीला वाटायचं, वहिनी मागे लागल्यात. पुढे तर धरणापासून बंदरापर्यंतची ऐंशी किलोमीटरची शर्यत असते, ती त्यांनी सलग अकरा वर्षं पुरी केली. पहिला नंबर कधीच नाही, शेवटचाही नाही. शर्यतीत छातीवर लावायला जो आकड्याचा कागद देतात, तो भिजत नाही की फाटत नाही. मास्तर त्याचे कॉलरचे साचे कापत. माझ्या सगळ्या सदऱ्यांची कॉलर चारशे सतरा नंबरच्या कागदावर बेतलेली आहे.

आणि नाडी. मास्तरांची नाडी बसल्या जागी मिनिटाला बेचाळीस. याचा त्यांना असा काही अभिमान की पँटचं माप द्यायला आलेल्या माणसाच्या हातात ते आपलं मनगट द्यायचे. "मोजा. सावकाश मोजा, घाई करायला काही नाहीच त्यात."

तर त्या दिवशी ते माझ्या कमरेचं माप घेत होते. टेप माझ्याभोवती, तोंडात टाचण्या. मी नेहमीप्रमाणे पोट आत ओढून उभा. आणि मास्तर थांबले. पुढे आकडा म्हणायचा तो म्हणेनात. मला वाटलं, आकडा पाहून थक्क झाले. पण त्यांनी छातीवर हात ठेवला, मग तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, सगळ्या उशीत टोचल्या, आणि मग कुठे खाली बसले.

"काय झालं?"

"पिशवीत मासा तडफडतो तसं होतंय," मास्तर म्हणाले. "होईल बंद. मागच्या खेपेला दहा मिनिटांत झालं होतं."

"मागच्या खेपेला म्हणजे?"

"तीनदा झालंय. कुणाला बोलू नका अण्णा."

मी पोट सोडलं आणि सरळ मागच्या खोलीत जाऊन वहिनींना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही तिघे गेलो. मी का, तर वहिनी म्हणाल्या, "यांना विचारलं तर हे 'बरं आहे' म्हणणार. मला विचारलं तर मला रडू येणार. तुम्ही चला, तुमचं तोंड तरी चालू असतं." डॉक्टरबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, केस आखूड, बोलणं नीट. त्यांनी छातीवर थंड चिकट काही तरी लावून पडद्यावर हृदय पाहिलं. मास्तर मान वळवून पडद्याकडे असे बघत होते जशी कुणी दुसऱ्याने केलेली शिलाई बघावी.

"तुमच्या हृदयाचा हा डावा खालचा कप्पा," बाई म्हणाल्या, "एकसष्ट मिलिमीटर आहे. तुमच्या अंगाच्या माणसाला छप्पन्न-सत्तावन्नच्या आत हवा."

"म्हणजे सव्वादोन इंच हवा, तो झालाय दोन इंच तीन सूत," मास्तर म्हणाले. "एवढं तर आम्ही सैल ठेवतोच."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्या लोकांचं हृदय मोठं होतं. जास्त रक्त ढकलावं लागतं म्हणून ते ऐसपैस होतं. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. पण हृदयाच्या स्नायूचा एक आजारही असतो, त्यातही असंच मोठं होतं. आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात. तो मासा तडफडतो ते वरच्या कप्प्यांचं काम. तेही फार पळणाऱ्यांच्यात कधी कधी दिसतं आणि आजारातही दिसतं.

"मग मला काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"तेच पाहायचंय. तीन महिने पळणं पूर्ण बंद. पळण्याने वाढलं असेल तर विश्रांतीने ते आटेल. आजार असेल तर नाही आटणार."

"आटलं तर?"

"तर बेताने पळता येईल. नाही आटलं, तर जन्मभर औषधं, आणि पळणं विसरायचं."

 परत येताना रिक्षा पुलावर आल्यावर मास्तर म्हणाले, "अण्णा, म्हणजे मी निरोगी आहे हे ठरवायला आधी मला दुबळं व्हायचंय. बरोबर ना?"

"साधारण तसंच," मी म्हणालो.

"आणि दुबळा नाही झालो तर आजारी."

"हो."

"कापड भिजवून बघतात तसं," वहिनी म्हणाल्या. एवढ्यावर विषय मिटला, म्हणजे रिक्षात मिटला. मास्तरांच्या डोक्यात तो पुढचं वर्षभर मिटला नाही.

सलूनवाल्याने पहिल्या दिवशी मत दिलं की, हृदय मोठं म्हणजे चांगलंच, मोठी टाकी असली की पाणी जास्त. दुसऱ्या दिवशी मत दिलं की, त्याचा आजा जन्मात कधी पळाला नाही, बसही सुटली तर सुटू द्यायचा, आणि नव्वदीला गेला. मी म्हटलं, दोन्ही कसं खरं? तो म्हणाला, "कालचं गिऱ्हाईक वेगळं होतं."

इकडे मास्तर दर रविवारी आरशासमोर उभे राहून स्वतःच्या छातीला टेप लावायला लागले. हृदय आटतंय तर बाहेर कुठे तरी दिसेल, असा हिशेब. छाती होती तिथेच. पहिले पंधरा दिवस त्यांचे हाल बघवत नव्हते. पहाटे उठायचे, बूट घालायचे, दारात उभे राहायचे आणि बूट काढायचे. पायांना काय करावं कळेना. टेबलाखाली पाय असे हलत की कात्री नाचायची. एका गिऱ्हाइकाच्या बाह्या एकीपेक्षा एक लहान झाल्या, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने लहान.

तिसऱ्या आठवड्यात तंबूवाला आला. त्याला जाड कॅनव्हासचे तंबू शिवून हवे होते, चाळीसेक. असलं काम मास्तर कधी घेत नसत. मोटरच्या मशीनला ते कापड झेपत नाही. पण गिऱ्हाइकं कापड परत नेत होती (ती का, हे मी वर सांगितलं आहे, पुन्हा आठवण करून देत नाही), तेव्हा त्यांनी घेतलं. मागच्या खोलीत वडिलांचं जुनं पायमशीन पोत्यांखाली पडलं होतं. काळं लोखंडी धूड, चाक घागरीएवढं. ते पुढे आणलं, तेल घातलं, पट्टा कसला. आणि मास्तर बसले.

मी बरीच मशिनं पाहिली आहेत, पण असं चालवणं नाही. सकाळी आठला सुरू, जेवायला वीस मिनिटं, मग दिवे लागेपर्यंत. कॅनव्हासच्या चार घड्या एकावर एक आल्या की मशीन अडून बसे, मग मास्तर दोन्ही मांड्यांचा जोर लावून ते रेटत. दिवसाला दोन बनियन पिळून निघत. पोटऱ्यांच्या गाठी पँटमधून दिसत. चेहऱ्यावर मात्र दोन आठवड्यांनी पहिल्यांदा तकाकी. मला तर करमणूकच झाली. मी घड्याळ लावून बसायचो. एक अख्खी तंबूची कड किती मिनिटांत, हे सलूनवाल्याला जाऊन सांगायचो, आणि तो कालच्यापेक्षा आज कमी लागली की मला फुकट कंगवा फिरवून द्यायचा. "उद्या अकरा मिनिटांत काढा मास्तर," मी म्हणायचो, आणि मास्तर साडेदहात काढायचे.

वहिनी तीन हातांवर बसून काजं करत होत्या. कुणाला काही खटकलं नाही. मास्तरांच्या वडिलांनी तेच मशीन पन्नास वर्षं रेटलं होतं. आमच्या गल्लीत त्याला काम म्हणतात.

तीन महिने भरले. पुन्हा आम्ही तिघे, पुन्हा ते थंड चिकट. बाईंनी दोनदा मापलं. मग बाजूने मापलं.

"एकसष्ट," त्या म्हणाल्या.

वहिनींनी पर्स मांडीवर घट्ट धरली. मास्तरांनी शर्टची बटणं लावायला घेतली ती एक घर चुकून लावली. शिंप्याने. 

"पळणं पूर्ण बंद होतं?" बाईंनी विचारलं.

"एक पाऊल नाही," मास्तर म्हणाले.

"मी साक्षीला आहे," वहिनी म्हणाल्या. "बससाठीसुद्धा नाही पळाले."

बाईंनी मास्तरांची नाडी बघितली. पुन्हा बघितली. "त्रेचाळीस. तीन महिने स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी त्रेचाळीस नसते, वाढते. हे मला कळत नाही." त्या कागद उलटेपालटे करत राहिल्या. "एक मोठी तपासणी करू. आणि औषधं आजपासूनच लिहून देते."

खोलीत कुणी बोलेना. आता माझा स्वभाव असा की शांतता मला सोसत नाही. काही तरी बोलायचं म्हणून मी बोललो. "डॉक्टरबाई, तशी तब्येत यांची उत्तम आहे. दिवसभर तंबू शिवतात. परवा तर एक कड साडेनऊ मिनिटांत काढली. मशीन असं जड की मला एक फेरा फिरवता येत नाही, मी करून पाहिलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कसलं मशीन?"

"पायाचं."

"किती वेळ?"

मास्तर म्हणाले, "असेल नऊ-दहा तास. पण ते काम आहे."

"घाम येतो?"

"दोन बनियन," वहिनी म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ पाहिलं.

"आजी-आजोबा, तुम्ही सगळे मिळून," बाई म्हणाल्या, आणि पुढे काय म्हणावं ते त्यांना सुचलं नसावं. वहिनी काही आजी वाटण्यासारख्या नाहीत, पण त्या क्षणी कुणी हरकत घेतली नाही. लिहिलेला औषधाचा कागद बाईंनी फाडला नाही, घडी करून खणात ठेवला. मशीन चालवण्याने पळण्याएवढा भार पडतो का, असं मास्तरांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "खरं सांगू? मला माहीत नाही. पायमशिनावर रोज दहा तास कॅनव्हास शिवणाऱ्याचं हृदय कुणी मापलेलं माझ्या वाचनात नाही. पण नाडी खाली आहे, म्हणजे शरीराला अजून विश्रांती कळलेलीच नाही. पुन्हा तीन महिने. पळणं नाही, पायमशीन नाही, काही नाही."

"आणि तरी एकसष्टच राहिलं तर?"

"मग ते औषध खणातून काढू."

रिक्षात वहिनी बोलल्या, पण माझ्याशी. "अण्णा, सगळ्या जगाला सगळं सांगता. सलूनमध्ये जाऊन घड्याळाचे आकडे सांगता. एवढं एक बाईंना आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं काम आहे," मी म्हणालो.

"मलाही," त्या म्हणाल्या, आणि रिक्षाबाहेर बघत राहिल्या. मास्तर मध्ये बसले होते. ते म्हणाले, "मलाही," पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

उरलेले बारा तंबू तंबूवाला दुसरीकडे घेऊन गेला. पायमशीन पुन्हा पोत्यांखाली गेलं, आणि पोत्यांवर वहिनींनी गव्हाचा डबा ठेवला, म्हणजे हलवलं तर आवाज येईल. आता मास्तर मोटरच्या मशिनावर बसत, पायाचा अंगठा तेवढा दाबत. संध्याकाळी वहिनींबरोबर कोपऱ्यापर्यंत फिरणं, तेही वहिनींच्या चालीने.

आणि मास्तर वाढायला लागले. आधी गाल. मग कंबर. त्यांनी स्वतःच्या पँटी उसवून बाजूंना अर्धा अर्धा इंच सोडला, महिन्याने उरलेला अर्धा सोडला. रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, "वा मास्तर, आता कुठे तब्येत सुधारलेली दिसतेय." मास्तर मला येऊन विचारायचे, "अण्णा, जिना चढलो तर धाप लागली. आयुष्यात नव्हती लागली. पळत होतो तेव्हा आजारी होतो आणि धाप नव्हती. आता बरा होतोय तर धाप लागतेय. हे उलटं का शिवलंय?"

मी काय सांगणार? मला तर पहिल्यापासून धाप लागते.

नाडी बावन्न झाली. मग अठ्ठावन्न. आता ते गिऱ्हाइकांच्या हातात मनगट देत नसत. कुणी मागितलं तर बाही खाली ओढत. मासा त्या तीन महिन्यांत एकदाच तडफडला, जेवताना, आणि तोसुद्धा मासाच होता की ढेकर, यावर नवरा-बायकोचं एकमत झालं नाही. ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीचं पत्र आलं. त्यांनी ते टेबलाच्या खणात कात्रीखाली ठेवलं. रोज कात्री काढताना ते दिसायचंच. दुसरा खण रिकामा होता, तरी तिथेच ठेवलं.

तिसऱ्या खेपेला बाईंनी वहिनींनाच पडदा दिसेल असा वळवला. काळ्या पडद्यावर राखाडी काही तरी उघडत होतं, मिटत होतं. बाईंनी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली.

"छप्पन्न," त्या म्हणाल्या.

वहिनी म्हणाल्या, "पुन्हा मापा."

"छप्पन्नच आहे. पाच मिलिमीटर आटलंय. हे पळण्याचंच होतं. स्नायूच्या आजाराची शंका आता मी धरत नाही."

मास्तर उठून बसले. मला वाटलं, आनंदाने काही बोलतील. ते म्हणाले, "म्हणजे पळण्याने मला आजार झाला होता की नव्हता?"

बाईंनी हातातलं यंत्र पुसून जागेवर ठेवलं. "खालचा कप्पा पूर्ववत झाला, म्हणजे तो आजार नव्हता. वरचे कप्पे अजून थोडे मोठेच आहेत, आणि ठोका चुकायचा तो तिथून. ते एवढ्या पळण्याने झालं, वयाने झालं, की तसंही झालं असतं, हे सांगता येत नाही. पळणाऱ्या बहुतेकांना ते होत नाही. तुमच्यासारख्या काहींना होतं. बेताने पळा. अर्धा तास, चाळीस मिनिटं. ऐंशी किलोमीटर माझ्या मते पुन्हा नको."

"आणि पंचेचाळीस मिनिटं?"

"मास्तर, किती पळणं म्हणजे फार, याचं नेमकं माप कुणाकडे नाही. पळता पळता अख्खं वाक्य बोलता यायला हवं. वाक्य तुटलं की हळू व्हायचं. एवढंच सांगते."

औषधाचा तो घडी केलेला कागद त्यांनी खणातून काढून फाडला. वहिनी बाहेर बाकावर येऊन जरा वेळ बसल्या. मास्तर त्यांच्यासमोर उभे राहिले, टेपची दोन टोकं हातात घेऊन, काय करावं ते न कळल्यासारखे.

शर्यतीच्या दिवशी ते दुकानातच होते. स्वतःसाठी पळायची नवी पँट बेतत होते. मी पाहिलं, तर आत शिलाईला दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं कापड सोडलेलं. एरवी दीड बोटाच्या वर सोडत नाहीत.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"आता पुढं मी कुठल्या बाजूला जाणार ते कुणाला माहितीय," मास्तर म्हणाले. "आणि तुमची कॉलर यंदाही चारशे सतरावरच कापतो. नवा कागद काही येणार नाही." मग टेपने माझा गळा मापला आणि आकडा सांगितला नाही.

आता रोज सकाळी मास्तर माझ्या खिडकीखालून पळतात. शेजारून वहिनी जुन्या सायकलवर. वाक्य तुटायला नको म्हणून मास्तरांना पळताना काही तरी सांगत राहावं लागतं, आणि मुळात तो माणूस घुम्या, त्याच्यापाशी सांगायला काही नसतं. म्हणून ते आदल्या संध्याकाळी माझ्याकडून बातम्या घेऊन जातात. मीही हातचं राखत नाही. गल्लीत कुणाचं काय चाललंय ते सगळं वहिनींच्या कानांवर पुलापर्यंत जातं आणि पुलापासून परत येतं.

काल मात्र माझ्याकडे ताजं काही नव्हतं. सकाळी खिडकीत दात घासत उभा होतो. पावलं आली, सायकलची साखळी आली, आणि मास्तरांचा आवाज.

"...अण्णा पोट आत ओढून उभे राहतात, त्यामुळे मी कंबर नेहमी दोन इंच धरतो जास्त, आणि गळा तर या खेपेला साडेसोळावरून थेट..."

इथे वाक्य तुटलं.

"हळू," वहिनी म्हणाल्या.

सायकल मंदावली, पावलं मंदावली. मी तोंडात ब्रश धरून तसाच उभा राहिलो, की आता पुढचा आकडा म्हणतात का काय. पण कोपरा आला आणि ते वळले.